पुढची तारीख आणि बाकीचे रकाने

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुका न्यायालयात वकिलांच्या बगलेत जी जाडजूड डायरी दिसते, ती साधी रोजनिशी नसते. तिच्या पानावर रकाने छापलेले असतात: मागची तारीख, कोर्ट, दाव्याचा नंबर, पक्षकारांची नावं, कामाचा टप्पा आणि पुढची तारीख. टप्प्याच्या रकान्यात ‘म्हणणे’, ‘मुद्दे’, ‘पुरावा’, ‘युक्तिवाद’ असे एकेका शब्दाचे शेरे पडतात. पुकारा होऊन पुढची तारीख मिळाली की वकील किंवा त्याचा कारकून आजच्या पानावर ती लिहितो, लगेच पानं उलटून त्या तारखेला जातो आणि तिथे तोच दावा चढवतो. आजची तारीख आता ‘मागची’ झालेली असते. त्याच वेळी समोरच्या बाजूचे वकीलसाहेब आपल्या डायरीत, आपल्या खुणांनी, हेच करत असतात आणि न्यायालयाच्या रोजनाम्यात तिसरी नोंद पडत असते. एकाला आपल्या अशिलाचा फोन नंबर हवा असतो, दुसऱ्याला साक्षीदाराचं नाव, न्यायालयाला कोण हजर होतं आणि काय आदेश झाला ते. तिघांच्या कागदांत सामाईक काय, तर दावा कुठला आणि पुढची तारीख कोणती.

संगणकाच्या कॅलेंडरमध्ये आपापल्या धंद्याचे असे रकाने घालून घेण्याचा एक मोठा प्रयोग १९९०च्या दशकात झाला. त्याला कस्टम फॉर्म म्हणत. पुढच्या पंचवीसेक वर्षांत तो विझला, इतका की आज कचेरीत नव्याने लागलेल्या माणसाला असं काही होतं हेच ठाऊक नसतं. का विझला याचं ठरलेलं उत्तर असं, की व्हायरस आले, मायक्रोसॉफ्ट घाबरली आणि दार बंद झालं. हे उत्तर मला अपुरं वाटतं. भेटीची नोंद किमान दोघांची असते आणि फॉर्म एकाच कचेरीचा असतो; कागदावर हे दोन्ही एका पानात सुखाने नांदले, कारण ते पान कुणाला पाठवायचं नव्हतं. सॉफ्टवेअरने नोंद पाठवण्याजोगी केली आणि त्याच क्षणी खासगी रकान्यांचा पाया ढासळला. व्हायरस त्यानंतर आले.

कागदाच्या बाजूने हा इतिहास तसा लांबलचक आहे. लंडनच्या जॉन लेट्स या कागदविक्याने १८१२ साली पुढच्या वर्षाच्या तारखा आधीच छापलेली डायरी बाजारात आणली, आणि मग व्यवसायागणिक वेगळ्या आखणीच्या डायऱ्या निघत गेल्या. विसाव्या शतकात फिलोफॅक्ससारख्या सुट्या पानांच्या वह्या आल्या आणि ज्याला जे पान हवं ते त्याने अडकवावं अशी सोय झाली. या सगळ्यांत एक गोष्ट गृहीत होती: वही माझी, आखणी माझी, वाचणाराही मीच. दुसऱ्याशी वेळ ठरवायची ती तोंडी, चिठ्ठीने किंवा फोनवर. ठरलेली वेळ मग प्रत्येकाने आपापल्या वहीत उतरवून घ्यायची.

संगणकावर पहिल्यांदा बदललं ते हे उतरवून घेणं. १९८०च्या दशकात आयबीएमच्या मेनफ्रेमवर चालणाऱ्या प्रॉफ्स या प्रणालीत टपालाबरोबर कॅलेंडरही होतं आणि सहकाऱ्याची मोकळी वेळ पडद्यावर पाहता येत असे. पण आपल्या रकान्यांची खरी हौस भागवली ती लोटस नोट्सने. रे ओझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेलं हे सॉफ्टवेअर १९८९च्या अखेरीस विक्रीला आलं. त्याची रचनाच अशी की प्रत्येक गोष्ट म्हणजे एक दस्तऐवज आणि तो दाखवायला एक फॉर्म. तक्रार नोंदवायची आहे, फॉर्म बनवा. रजेचा अर्ज हवा आहे, फॉर्म बनवा. थोडं शिकलेला कचेरीतलाच माणूस हे करू शके, आणि करतही असे. १९९६च्या अखेरीस आलेल्या ४.५ आवृत्तीत कॅलेंडर नीट सामावलं गेलं आणि तेही याच तत्त्वावर. नोट्समधले असे घरगुती फॉर्म काही संस्थांत दोन-दोन दशकं चालले. २०१९मध्ये आपल्या एचसीएलने आयबीएमकडून नोट्स विकत घेतलं, त्यामागे अशा जुन्या फॉर्मांवर अवलंबून असलेल्या गिऱ्हाइकांचाही हिशेब असणारच.

मायक्रोसॉफ्टचं उत्तर १९९७मध्ये आउटलुक या नावाने आलं, आणि कस्टम अपॉइंटमेंट फॉर्मची गोष्ट जवळून पाहायची तर ती इथेच पाहावी लागते. आउटलुकमध्ये प्रत्येक नोंदीवर तिच्या वर्गाचं नाव असतं. साध्या भेटीचा वर्ग ‘आयपीएम.अपॉइंटमेंट’. तुम्ही फॉर्म डिझाइन करायला घेतला, त्यावर ‘दावा क्रमांक’, ‘कोर्ट’, ‘टप्पा’ असे रकाने ओढून बसवले आणि प्रसिद्ध केला, की त्याला मागे शेपूट जोडलेलं नवं नाव मिळे, समजा ‘आयपीएम.अपॉइंटमेंट.तारीख’. नोंद उघडताना आउटलुक हे नाव वाचून तशा नावाचा फॉर्म शोधतं: आपल्या फोल्डरमध्ये, आपल्या खासगी संग्रहात, मग एक्स्चेंज सर्व्हरवरच्या संस्थेच्या संग्रहात. सापडला तर तुमचे रकाने दिसतात. नाही सापडला, तर शेपूट गळतं आणि साधा फॉर्म उघडतो. चूक दाखवणारा संदेश नाही, इशारा नाही. भरलेली माहिती नोंदीच्या पोटात तशीच असते, पण समोरच्याला ती असल्याचा पत्ता लागत नाही. अशा गुपचूप माघारीला तंत्रज्ञ सौजन्य समजतात. ज्या कारकुनाचा ‘टप्पा’ दुसऱ्या मशीनवर अदृश्य झाला त्याला ते सौजन्य वाटलं नसणार.

याहून बोलका पुरावा फॉर्मच्या पहिल्या पानावर आहे. आउटलुकने टपालाच्या फॉर्मचं पहिलं पान बदलू दिलं, संपर्काच्या म्हणजे नाव-पत्त्याच्या फॉर्मचंही बदलू दिलं. अपॉइंटमेंटचं पहिलं पान मात्र कुलूपबंद ठेवलं. विषय, ठिकाण, सुरुवात, शेवट, आठवण, ‘व्यस्त की मोकळा’ हा शेरा आणि खालची टिपणाची जागा, यांना हात लावायचा नाही. हवं तर पुढची रिकामी पानं घ्या आणि त्यांवर तुमचं गोकुळ मांडा. फार तर पहिलं पान लपवा. पण मग पुनरावृत्तीसारख्या सोयी तुम्हाला स्वतः पुन्हा उभाराव्या लागतील, आणि त्या मुळासारख्या वागतीलच असं नाही. हा बंदोबस्त पहिल्यापासूनचा आहे, आउटलुकला ग्रासणारा कुठलाही व्हायरस येण्याआधीचा. त्याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. पहिल्या पानावरच्या गोष्टी तुमच्या एकट्याच्या नाहीत. ‘सुरुवात’ आणि ‘शेवट’ यांवरून सहकाऱ्याच्या पडद्यावर तुमची वेळ भरलेली दिसते. दर सोमवारच्या बैठकीतला एक सोमवार रद्द झाला तर तो सगळ्यांकडे रद्द व्हावा लागतो. नाव-पत्ता तुमच्याकडेच राहतो, म्हणून त्याच्या पानाशी तुम्ही काहीही केलंत तरी कुणाचं बिघडत नाही.

इथे चौकस वाचक अडवील: टपाल तर सगळ्यांत जास्त बाहेर जातं, मग त्याचं पहिलं पान कसं बदलू दिलं? रास्त शंका आहे. पण पत्र पोचलं, वाचलं, की त्याचं काम संपतं. ते पुढे बदलत नाही, त्याच्या तारखेवरून कुणाचं यंत्र हिशेब करत नाही. भेटीची नोंद पोचल्यावरच जगू लागते: ती पुढे ढकलली जाते, तिला होकार-नकार येतात, ती दुसऱ्या नोंदीवर आदळते, रद्द होते. तिच्या दोन्ही टोकांना यंत्रांना एकमेकांचं कळत राहावं लागतं. बैठकीचं बोलावणं हा तर आउटलुकच्या लेखी वेगळ्याच वर्गाचा कागद. पाठवणाऱ्याने आपल्या फॉर्मला कितीही पानं जोडलेली असोत, घेणाऱ्याच्या हाती पडायचा तो ठरावीक साचा. वकिलाच्या डायरीच्या भाषेत सांगायचं तर पुढची तारीख पोचायची, बाकीचे रकाने घरीच राहायचे.

कचेरीच्या बाहेर काय जाऊ द्यायचं याचा निवाडा लवकरच लेखी झाला. १९९६ साली ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या व्हर्सिट या गटाकडून व्हीकॅलेंडर हा मसुदा आला, आणि त्यावरून नोव्हेंबर १९९८मध्ये आयकॅलेंडरचं मानक, आरएफसी २४४५, प्रसिद्ध झालं. त्यावर दोन नावं आहेत, फ्रँक डॉसन आणि डेरिक स्टेनरसन. पहिले लोटसचे, दुसरे मायक्रोसॉफ्टचे. म्हणजे घरच्या घरी फॉर्म बनवण्याची हौस ज्या दोन कंपन्यांनी सर्वांत जास्त वाढवली, त्याच दोन कंपन्यांची माणसं ‘दाराबाहेर कोणते रकाने चालतील’ याची यादी लिहायला बसली होती. यादी आटोपशीर आहे: सुरुवात, शेवट, सारांश, ठिकाण, वर्णन, बोलावणारा, बोलावलेले, पुनरावृत्तीचा नियम, नोंदीची खूण आणि असेच काही. ज्याला अधिक काही हवं त्याने नावाच्या आधी ‘एक्स-’ लावावं, आणि ज्याला ते कळणार नाही त्याने खुशाल दुर्लक्ष करावं. म्हणजे खासगी रकान्यांना बंदी नव्हती. त्यांना परवाना दिला आणि वाचण्याची सक्ती कुणावर ठेवली नाही. आजही या मानकातली एखादी आयसीएस फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहा. ‘एक्स-मायक्रोसॉफ्ट’, ‘एक्स-ॲपल’, ‘एक्स-गूगल’ असल्या ओळींची रांग दिसेल, प्रत्येक कंपनीची आपली आपल्यापुरती कुजबूज. कुठल्या इस्पितळाचा किंवा वकिलाच्या कचेरीचा रकाना तिथे शोधूनही सापडायचा नाही.

या यादीत नवा रकाना घुसवणं किती अवघड, त्याचा एक दाखला पुरेसा आहे. ऑनलाइन बैठकीच्या दुव्याला स्वतंत्र जागा मिळाली ती ऑक्टोबर २०१६च्या आरएफसी ७९८६मध्ये, मूळ मानकानंतर जवळजवळ अठरा वर्षांनी. तोवर जगभरचे लोक तो दुवा ‘ठिकाण’मध्ये नाहीतर ‘वर्णन’मध्ये चिकटवत होते, आणि मोठ्या प्रमाणात अजूनही चिकटवतात. ज्याची गरज कोट्यवधी लोकांना रोज होती त्याची ही कथा. तिथे दिवाणी दाव्याच्या ‘टप्प्या’ला कोण विचारणार?

आता रूढ उत्तराकडे येतो. मार्च १९९९मध्ये मेलिसा हा व्हायरस आला आणि आउटलुकच्या पत्तावहीतल्या पहिल्या पन्नास जणांना आपली प्रत पाठवू लागला. मे २०००मध्ये मनिलाहून ‘आय लव्ह यू’ निघाला. तो ज्या भाषेत लिहिलेला होता ती व्हीबीस्क्रिप्ट, आणि आउटलुकच्या फॉर्ममागचा कोडही नेमका त्याच भाषेत चालायचा. त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने आउटलुकला सुरक्षेचं जाड कुलूप घातलं, आणि टपालाच्या पोटातून आलेल्या, संग्रहात प्रसिद्ध न केलेल्या फॉर्मांमागचा कोड चालेनासा झाला. २०१७मध्ये फॉर्मच्या वाटेने मेलबॉक्सचा ताबा कसा घेता येतो हे सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिलं आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कस्टम फॉर्ममधला कोड मुळातच बंद करून ठेवण्यात आला. ज्याला हवा त्याने विंडोजच्या रजिस्ट्रीत जाऊन चालू करावा. हे सगळं घडलं, आणि त्याने फॉर्मवाल्यांचे हाल झाले यात वाद नाही. पण तारखा पाहा. पहिल्या पानाला कुलूप १९९७चं, मानक १९९८चं, मेलिसा त्यानंतरचा. दुसरं असं, की साध्या रकान्याला कोड लागतच नाही. कोड बंद झाल्यावरही ‘दावा क्रमांक’ लिहायची चौकट चालूच राहिली होती. फक्त व्हायरसच्या भीतीने लोकांनी फॉर्म सोडले असते तर कोडवाले गेले असते आणि बिनकोडाचे उरले असते. तेही ओस पडले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळी संस्था एकाच सर्व्हरवर असेल, नोंद बाहेर जातच नसेल, तर खासगी रकान्यांना अडचण कसली? नोट्सच्या संस्थांत ते चाललेच ना? चालले, आणि हे मान्य करायलाच हवं. बंद आवारात हा प्रयोग चांगला यशस्वी झाला. पण आवार बंद राहिलं नाही. १९९६मध्ये खिशात मावणारा पाम पायलट आला. त्याच्या तारीखवहीत काय होतं? वेळ, एक ओळ, गजर, पुनरावृत्ती, टिपण. साहेबांनी टेबलावरच्या पाळण्यात तो ठेवून बटण दाबलं की आउटलुकमधलं तेवढंच त्यात उतरायचं. मग ब्लॅकबेरी, मग एक्स्चेंजशी बोलणारे फोन, मग ब्राउझर. सगळ्यांनी ठरलेले रकाने नेले आणि बाकीचे मागे टाकले. आउटलुकमध्ये बनवलेला फॉर्म ब्राउझरमध्ये उघडत नसे. म्हणजे पलीकडची संस्था तर सोडाच, त्याच माणसाचा टेबलावरचा संगणक आणि खिशातला फोन हेच दोन पक्ष झाले. कचेरीत ‘टप्पा’ दिसतो आणि कोर्टाच्या पायरीवर दिसत नाही, असा रकाना कोण भरत बसेल? लोकांनी तोडगा काढला. विषयाच्या ओळीतच सगळं कोंबायचं, आधी नंबर, मग नाव, मग कंसात ‘पुरावा’. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख मावते तशी ती ओळ मावेल तितकं मावून घेते.

या तोडग्याची किंमत मोजावी लागली, हे मी लपवणार नाही. ओळीत कोंबलेला मजकूर माणूस वाचतो, यंत्र मोजत नाही. या महिन्यात पुराव्याच्या टप्प्यावर किती दावे आहेत, हा प्रश्न रकाने असलेल्या फॉर्मला विचारता येतो. ‘२१४ पाटील (पुरावा)’ अशा ओळींना विचारायचा तर आधी सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहिलेलं असावं लागतं, आणि तशी शिस्त कुठल्या कचेरीत टिकते? तेव्हा फॉर्मवाल्यांची मागणी खोटी नव्हती. त्यांनी जागा चुकीची निवडली.

योग्य जागा पुढे सापडली, आणि ती कॅलेंडरच्या अलीकडे निघाली. २०१३मध्ये टोपे आवोटोना यांनी भेटीची वेळ ठरवून देणारी कॅलेंडली ही सेवा सुरू केली. २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने बुकिंग्ज आणलं, गूगलनेही अपॉइंटमेंटची पानं दिली. या सर्वांत फॉर्म आहे, आपल्या मनासारखे प्रश्न घालता येतात, पण तो भेट ठरण्यापूर्वी पाहुण्यासमोर येतो. त्याने भरलेली उत्तरं सेवेच्या स्वतःच्या कोठारात रकान्यांसह जपली जातात. कॅलेंडरकडे जाते ती वेळ, नाव आणि वर्णनाच्या चौकटीत सलग ओतलेला मजकूर. गूगल कॅलेंडरच्या एपीआयमध्ये नोंदीला अदृश्य जादा माहिती जोडण्याची सोय आहे, पण ती प्रोग्रामसाठी. वापरणाऱ्याच्या पडद्यावर तिचा रकाना उमटत नाही. आपल्याकडे २०२१मध्ये याची तालीम सगळ्या देशाने केली. लसीकरणाच्या को-विन पोर्टलवर नाव, लिंग, जन्मवर्ष, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक हे आधी भरून घेतलं जाई. मग केंद्र आणि वेळ निवडायची. फोनवर जो संदेश यायचा त्यात केंद्र आणि वेळ असायची, आणि दाखवायला चार आकडी कोड. ओळखपत्राचा रकाना भेटीबरोबर हिंडला नाही. तो जिथे लागणार होता तिथेच राहिला. न्यायालयांचं ई-कोर्ट्स ॲपही याच वाटेने जातं: टप्पा, आदेश, इतिहास न्यायालयाच्या प्रणालीतच राहतात, आणि वकील ते आणि दाव्याची पुढची तारीख तिथूनच पाहतो. कागदी डायरी मात्र अजून बगलेत आहेच, कारण तिचे रकाने वकिलाचे स्वतःचे आहेत.

यावर कुणी म्हणेल, की हा निव्वळ सवयीचा आणि बाजाराचा खेळ झाला. उद्या सगळ्यांनी मिळून समृद्ध मानक केलं तर रकानेही हिंडतील. जुलै २०२१मध्ये जेएसकॅलेंडर हे नवं मानक आलंच आहे, आणि ते जुन्यापेक्षा बरंच नेटकं आहे. पण त्यातही कंपनीने आपलं खासगी नाव आपल्या डोमेनच्या उपसर्गासह लावायचं, हीच व्यवस्था आहे. माहिती वाहून नेता येते. समोरच्याने तुमचा रकाना भरावा, जपावा, समजून घ्यावा, ही सक्ती कुठल्याही मानकाला करता येत नाही. तुमचा ‘टप्पा’ समोरच्या वकिलाने आपल्या डायरीत का लिहावा?

मायक्रोसॉफ्टच्या नव्या आउटलुकमध्ये कस्टम फॉर्मला जागा ठेवलेली नाही. ज्या कचेऱ्यांच्या जुन्या मेलबॉक्सांत शेपूट लावलेल्या वर्गाच्या नोंदी अजून पडून आहेत, त्यांनी स्थलांतराआधी एक काम उरकून घ्यावं. आउटलुकची नेहमीची ‘एक्स्पोर्ट’ची सोय आपण बनवलेले रकाने बाहेर काढत नाही. जुन्या आउटलुकमध्ये कॅलेंडर यादीच्या रूपात उघडून ते रकाने स्तंभ म्हणून ओढून घ्यावेत, सगळ्या ओळी निवडाव्यात आणि कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटवाव्यात. जुना आउटलुक मशीनवर आहे तोवरच हे जमेल.